ताण्याचं सूत

दिवाळी होऊन आठवडा झाला होता. या दिवसांत माझ्या जनावरांच्या दवाखान्यात कुत्र्यांचे दोन तऱ्हेचे पाय येतात. फटाक्यांना घाबरून पळताना काचेवर, पत्र्यावर पडलेले एक, आणि माळावरचं कुसळ घुसलेले दुसरे. त्या दिवशी सकाळी दुसऱ्या तऱ्हेचा आला. नान्नजकडचा मेंढपाळ आणि त्याचा पुतण्या, दोघांच्या मधे मोटारसायकलवर घट्ट धरून बसवलेली कारवानी कुत्री. लांब तोंडाची, बरगड्या मोजता येतील अशी. पुढच्या डाव्या पंजाच्या बेचकीत भोक आणि त्यातून पाझरणारा पू. गोळ्या दिल्या की भोक बुजतं, गोळ्या थांबल्या की पुन्हा फुटतं, असं महिनाभर चाललेलं.

कुसळी गवताचं बी पाहिलं नसेल तर सांगते. पुढे सुईसारखं टोक आणि त्यावर मागे वळलेले बारीक ताठ केस. एकदा कातडीखाली शिरलं की ते पुढेच सरकतं, मागे येत नाही. एक्स-रेत दिसत नाही, कारण ते शेवटी गवतच. आत ते आहे तोवर अँटिबायोटिकने वरची जखम भरते, एवढंच. कुत्रीला गुंगीचं इंजेक्शन देऊन भोकातून बारीक आर्टरी फोर्सेप, म्हणजे पकडीचा चिमटा, आत घातला. तिसऱ्या प्रयत्नात टोकाला काहीतरी अडकलं आणि ओलं, काळपट कुसळ बाहेर आलं. मेंढपाळाने ते तळहातावर घेतलं, उलटंपालटं केलं आणि म्हणाला, "एवढ्याशानं महिना खाल्ला व्हय?"

त्या दिवशी मी दुपारी जेवताना जरा जास्तच खुशीत होते. हे सांगणं भाग आहे, कारण संध्याकाळी जे झालं त्यात त्या खुशीचाही हात होता.

संध्याकाळी सहाच्या सुमारास सोलापूरच्या पूर्व भागातून एक काका रिक्षातून कुत्रा घेऊन आले. टॉवेलच्या यंत्रमागावर काम करणारे, घरी तेलुगू, माझ्याशी सोलापुरी मराठी. कुत्रा गावठी, तांबूस, चार वर्षांचा, रात्री कारखान्याची राखण करणारा. नाव पुली.

"पुली म्हणजे?"

"वाघ," काका म्हणाले. "पण आता वाघ लंगडलालंय मॅडम. पाच दिवस झाले."

दवाखान्यातल्या फरशीवर कुत्र्याची चाल बघण्यात अर्थ नसतो. घसरायच्या भीतीने चांगला कुत्राही विचित्र चालतो. म्हणून त्याला बाहेर रस्त्यावर नेलं. आधी सावकाश चालवायचं, मग थोडं पळवायचं. समोरून बघायचं, मागून बघायचं, बाजूने बघायचं. पुली माझ्या सांगण्यावर हलेना. काका वीस पावलं पुढे जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "रा, रा नायना." लगेच निघाला.

पुढचा पाय दुखत असला की मान सांगते. दुखरा पाय टेकला की कुत्रा डोकं वर उचलतो, त्या पायावर भार नको म्हणून. चांगला पाय टेकला की डोकं खाली येतं. नवखी माणसं नेमका उलटा पाय धरतात. पुलीचं डोकं दर दुसऱ्या पावलाला वर जात होतं, पुढचा उजवा टेकला की. पाय ठरला. पंजा उलटा करून जमिनीवर ठेवला, तर त्याने क्षणात सरळ केला, म्हणजे नसेचा प्रश्न नाही. नखांच्या वरच्या बाजूलाही फरफटल्याची झीज नव्हती.

इथपर्यंत सगळं बरोबर केलं.

आता पंजा. काकांच्या बायकोने त्यावर हळद आणि तेल थापलं होतं, रोज नवा थर, पाच दिवस. वर केस, त्यात कारखान्यातली धूळ. पिवळा, चिकट, कडक झालेला गोळा. मी बोटांनी वरून दाबलं. पुलीने पाय ओढला. तेवढ्यात खांदा पुढे ताणला गेला आणि तो कळवळला. खांदा पुन्हा ताणला, पुन्हा कळवळला. माझ्या डोक्यात खांदा पक्का झाला. पाय ओढताना पंजाही माझ्या मुठीत आवळला जात होता, हे लक्षात यायला मला चार दिवस लागले.

माझ्याकडे एक्स-रेचं मशीन नाही. काकांना दुसरीकडे पाठवलं, आठशे रुपये गेले, फोटो स्वच्छ आला. मी मुका मार, स्नायू आखडला असं काहीसं म्हणाले आणि वेदनाशामक दिलं. काकांनी विचारलं, "माझी पाठदुखीची गोळी घरात हाय, अर्धी देऊ का?" त्यावर मात्र मी चांगलंच झापलं. माणसांच्या वेदनाशामक गोळ्यांनी कुत्र्याच्या पोटात अल्सर होतो, मूत्रपिंड जातं, हे मी दर आठवड्याला कुणाला तरी सांगते. झापताना आवाज खणखणीत होता.

चौथ्या दिवशी ते परत आले. आधी वास आला, मग पुली आला. आता तो तीन पायांवर होता. उजवा पंजा उशीसारखा फुगलेला. पुली टेबलावर चढवायच्या आधीच खाली बसून पंजा चाटायला लागला, आणि चाटून चाटून एका जागची हळद निघाली होती. तिथल्या केसांत एक रेघ दिसली. सरळ रेघ. कुत्र्याच्या अंगावर अशी सरळ रेघ आपोआप उमटत नाही.

मी उदगीरला शिकत असताना आमचे एक सर होते. लंगडा बैल आणला की विद्यार्थी खांद्याकडे, खुब्याकडे बोटं दाखवायचे. सर म्हणायचे, "आधी पाय धू. पाय धुतल्याशिवाय तोंड उघडायचं नाही." बैलाची दुखणी बहुतेक खुरात असतात, म्हणून खुरापासून वर जायचं. बैलांच्या बाबतीत मी हे कधी चुकले नाही. कुत्रा टेबलावर आला, गळ्यात पट्टा आला, आणि मी वरून खाली जायला लागले.

घमेल्यात कोमट पाणी घेतलं. पुलीचं तोंड बँडेजने बांधलं, गुंगी दिली आणि पंजा बुडवला. हळद पापुद्र्यांनी सुटली, पाणी पिवळं, मग गढूळ. केस मशीनने काढले. चार बोटांपैकी मधल्या दोनांतलं एक, आतल्या बाजूचं, बुडाशी खोल चिरलेलं. चीर पूर्ण गोल फिरलेली. चिरेच्या वर बोट नेहमीचं, खाली जांभळं, टणक, आणि हाताला गार. चिरेत चिमटा घातला तर टोकाला मऊ काहीतरी लागलं. ओढलं तर ताणलं गेलं, तुटलं नाही. कात्रीचं टोक सरकवून कापलं, तेव्हा एक वेढा सुटला. मग दुसरा. मग तिसरा, तो मांसात रुतलेला.

गॉजवर ठेवून पुसलं. सूत. हिरवं.

काका वाकले. सूत दोन बोटांत धरून त्यांनी पीळ उलगडला, पुन्हा वळला. "ताण्याचं हाय, मागावरचं उभं सूत," ते म्हणाले. "बाण्याचं, आडवं असतं तर तुटलं असतं. ह्याला पीळ जास्त, वर खळ. आन् ओलं झालं की आणखी आवळतं." मागाखाली तुटलेल्या सुताचा ढीग पडतो. थंडी सुरू झाली की पुली त्यावर झोपतो. गुंता बोटात अडकला असेल, त्याने ओढला असेल, चाटला असेल. आधी शिरा दबतात, रक्त परत फिरत नाही, म्हणून बोट सुजतं. सुजलं की तोच दोरा आणखी रुततो. मग आत येणारं रक्तही थांबतं. मी दिलेल्या औषधाने दुखणं थोडं दबलं, तेवढे चार दिवस दोऱ्याला आणखी मिळाले.

बोटाला सुई टोचली. बऱ्याच वेळाने काळसर थेंब आला. दोन दिवस वाट बघायची असं ठरवलं. कधी कधी बोट परत येतं. हे आलं नाही. तिसऱ्या दिवशी चिरेखाली सगळं काळं पडलं होतं आणि सीमा स्पष्ट होती. बोट काढावं लागलं. उभ्या कुत्र्याच्या वजनाचा साठेक टक्के भार पुढच्या पायांवर असतो आणि पंजात तो मुख्यतः मधली दोन बोटं घेतात. म्हणजे कडेचं गेलं असतं तर बरं, असा हिशेब मी शस्त्रक्रिया करताना करत होते. त्याचा पुलीला काही उपयोग नव्हता.

काकांना मी सगळं सांगितलं. पहिल्या दिवशी पाय धुतला असता तर बोट वाचलं असतं असं म्हणाले. ते काही बोलले नाहीत. मी एक्स-रेचे आठशे रुपये पुढे केले. मला वाटलं होतं नको म्हणतील. त्यांनी घेतले, मोजले, खिशात ठेवले. त्यांना आठवड्याच्या आठवड्याला पगार मिळतो, आणि त्यातला एक आठवडा माझ्यामुळे तोकडा झाला होता. घेतले याचं मला बरं वाटलं.

बाराव्या दिवशी टाके काढले. पुन्हा रस्त्यावर गेलो. काका वीस पावलं पुढे, मी मागे. "रा, रा नायना." पुली निघाला. पहिली आठदहा पावलं डोकं वर जात होतं, मग कमी झालं. वळताना पुन्हा गेलं.

"मान हलली का?" काकांनी विचारलं. त्यांनाही आता ते दिसायला लागलं होतं.

"थोडी. पंधरा दिवसांनी आणा."

रिक्षात बसताना ते थांबले. "येताना पाय धुऊन आणू का?" त्यांच्या आवाजात कुठेही टोमणा नव्हता.

"नको," मी म्हणाले. "मी धुते."