टोमॅटो, नोबेल आणि वाढीव दिवस

"ह्यो काढून टाकते आधी. एक पिकला का बाकीच्यांना घाई सुटती."

नाशिकला गंगेवरच्या, म्हणजे गोदावरीकाठच्या, बुधवारच्या बाजारात मावशींनी कॅरेटमधला एक लालभडक टोमॅटो बाजूला ठेवला. दाबूनसुद्धा पाहिला नाही. देठ काळा पडलेला, बुडाशी साल जरा सुरकुतलेली, बस्स.

मावशींचं म्हणणं शंभर टक्के खरं. पिकणारा टोमॅटो इथिलीन वायू सोडतो आणि त्याने शेजारचेही पिकायला लागतात. हे त्यांना कुणी शिकवलं नाही, धंद्याने शिकवलं.

२०२५ चं रसायनशास्त्राचं नोबेल किटागावा, रॉबसन आणि याघी यांना मिळालं. धातूचे आयन आणि कार्बनी रेणू जोडून त्यांनी आतून पोकळ, जाळीदार पदार्थ घडवले. त्यातल्या एकाच्या जेमतेम दोन-तीन ग्रॅममध्ये फुटबॉलच्या मैदानाएवढा पृष्ठभाग! अशा पदार्थांनी वाळवंटातल्या कोरड्या हवेतून पाणी काढता येतं, याचं कौतुक झालं आणि ते व्हायलाच हवं. पण असे पदार्थ फळांभोवतीचं इथिलीनही पकडून ठेवू शकतात. नाशिककरांनी खरं तर हेच आधी वाचायला हवं.

भाव पडला की टोमॅटो रस्त्यावर ओतलेला आपण पाहतोच. माल थोडा जास्त टिकला तर?

मला मात्र शंका आहे. पिंपळगावच्या बाजार समितीत गाडी लावलेल्या शेतकऱ्याला मजुरी, औषधं, भाडं भागवायला पैसे त्याच दिवशी लागतात. माल धरून ठेवायची ऐपत व्यापाऱ्याची. मग हे वाढीव दिवस कुणाच्या पदरात पडणार? तुम्हाला काय वाटतं?