शेरा : किरकोळ

परवा दुपारी मोबाइलवरून कुणाला तरी पैसे पाठवताना खाली रकाना आला : ‘कशासाठी?’ सवयीनं ‘किरकोळ’ टाकलं आणि अंगठा तिथेच अडला. उद्या रोख नोटा कायमच्याच बंद झाल्या, तर लाच खाणारा माणूस या रकान्यात काय लिहायला सांगणार?

बंद पडायचं नाही त्याचं, एवढं नक्की. आमच्या वर्गात पैसे आणायला बंदी होती, म्हणून गृहपाठ उतरवून घ्यायचा दर गोट्यांत ठरायचा. गोट्या जप्त झाल्या, तर वहीची कोरी पानं चालू लागली. त्यातही पिनांजवळचं मधलं जोडपान न फाटता निघायचं, त्याला भाव जास्त. बाईंना वह्या रोडावत चाललेल्या दिसायच्या, पण हिशेब काही लागायचा नाही.

मोठी माणसंही हेच करतात. अमेरिकेतल्या केंद्रीय तुरुंगांत २००४ मध्ये धूम्रपानबंदी आली आणि चलन म्हणून फिरणारी सिगारेट गेली. तिची जागा घेतली मॅकरेल माशाच्या पाकिटांनी. खायला फारसं कुणी धजायचं नाही, म्हणूनच ती टिकली. सिगारेटचं तसं नव्हतं. रॅडफर्ड नावाच्या अर्थतज्ज्ञानं युद्धकैद्यांच्या छावणीतला स्वतःचा अनुभव १९४५ मध्ये लिहून ठेवलाय : जवळपास बाँबहल्ले सुरू झाले की कैदी जास्त सिगारेटी फुंकायचे आणि छावणीतले भाव उतरायचे. चलनच धुरात जात होतं!

लाचेसाठी बिटकॉइन हे संगणकी चलन चालेल, यावर मात्र माझा फारसा भरवसा नाही. तिथली प्रत्येक नोंद जगजाहीर आणि कायमची. नाव नसतं, पण माग राहतो. २०१६ मध्ये बिटफिनेक्स या बिटकॉइनच्या ऑनलाइन बाजारातून चोरलेल्या बिटकॉइनपैकी ९४,००० हून अधिक २०२२ मध्ये जप्त झाली. इतकी वर्षं चोरांना त्या डबोल्यावर नीट हात मारता आला नव्हता. नोटेचं बरं असतं, तिला मागचा मालक आठवत नाही.

मला वाटतं, खरे मुरलेले लोक चलनाच्या भानगडीतच पडणार नाहीत. ‘तुमचं काम झालं म्हणून समजा, आमच्याकडे लक्ष असू द्या,’ एवढंच म्हणतील. मग मेहुण्याला सल्लागाराचं पद, मुलीला प्रवेश, कुणाच्या तरी चित्राला लिलावात भलतीच किंमत. हे आजही चालतंच म्हणा. पण नोटांच्या पाकिटाचा एक फायदा होता : ते दिलं की दोघं मोकळे. उपकाराचं तसं नाही, तो फिटला असं कोण ठरवणार? आज एक सही, उद्या दुसरी. रोकड गेली तर लाच स्वच्छ होईलच असं नाही, चिवट मात्र होईल. आणि या उधारीचा शेरा कुठल्याच रकान्यात मावणार नाही.

तर चोरांचं लागेल मार्गी. त्यांची मला काळजी नाही. पण एखादी बाई घरात रोज मार खाते, खातं नवऱ्याच्या नावाशी जोडलेलं आहे आणि तिच्या प्रत्येक खर्चाचा मेसेज त्याच्या फोनवर वाजतो. एका रात्री निघायचं तिनं ठरवलं, तर गाडीभाड्यापुरते पैसे लपवायचे कुठे?