मावशीच्या गॅलरीखालचा सैल पाईप

"अगं, तो नवा पाईप हलतोय. आणि नेहमी नाही, टाकी रिकामी झाली की मगच." कराडहून मावशीचा फोन आला आणि काय झालंय ते मला तिथल्या तिथे कळलं.

तिच्या घरामागे दोन मीटर बाहेर आलेली गॅलरी आहे. भिंतीतून काढलेले आयएसएमबी 150 चे (म्हणजे 150 मिमी उंचीचे, I आकाराचे लोखंडी) दोन गर्डर, वर फरशी आणि हजार लिटरची टाकी. कडा खाली गेल्यासारखी वाटली म्हणून वेल्डरने दोन्ही गर्डरच्या टोकाखाली पाईप उभे करून दिले. टाकी तेव्हा काठोकाठ भरलेली होती.

रविवारी गेले आणि जिन्याच्या पायरीवर बसून हिशोब मांडला. सुपरपोझिशन मला कॉलेजपासून आवडतं ते यासाठीच: एका वेळी एकच भार बघायचा, बाकीचे नाहीतच असं धरायचं, शेवटी बेरीज करायची. आधी फरशी आणि गर्डरचं वजन, एका गर्डरवर मीटरला 4 किलोन्यूटन (एक किलोन्यूटन म्हणजे साधारण शंभर किलोचं वजन). त्याने टोक 5.5 मिमी खाली. मग नुसती टाकी: एका गर्डरवर 5 किलोन्यूटन, भिंतीपासून दीड मीटरवर. टाकीखाली गर्डर 3.9 मिमी खाली जातो. त्यापुढचा अर्धा मीटर या भाराने वाकत नाही, सरळच राहतो; पण मागचा उतार घेऊन आणखी 1.9 मिमी उतरतो. (साइटवर नवीन आलेली पोरं हे 1.9 हमखास विसरतात.) टाकीमुळे टोकाला 5.8, एकूण 11.3.

म्हणजे पाईप टेकवला तेव्हा गर्डर 11.3 मिमी वाकून बसला होता. पाईपवर काहीच भार आला नाही. टाकी रिकामी झाली की टोक 5.8 मिमी वर येतं आणि पाईप सुटा पडतो. मी टाकी रिकामी करून फट मोजली, तर पट्टीवर सात भरले. भिंतीतली पकड काही पूर्ण ताठ नसते, तेवढा फरक पडतोच.

टाकी रिकामी असतानाच वेल्डरकडून फटींत लोखंडी पट्ट्या घट्ट बसवून घेतल्या. आता टाकी भरली की टोक 5.8 मिमी उतरू बघणार आणि पाईपने ते तितकंच वर रेटायचं. त्यातून एका पाईपवरचा भार निघतो 3.16 किलोन्यूटन, साधारण सव्वातीनशे किलो. फरशीचं जुनं वजन मात्र अजून भिंतीवरच आहे. तेही पाईपवर घ्यायचं तर आधी जॅक लावून कडा उचलावी लागते.

गर्डर लवचीक मर्यादेत आहे, म्हणजे भार काढला की पुन्हा होता तसा होतो, म्हणून ही बेरीज चालते. आरसीसीच्या (सळ्या घातलेल्या काँक्रीटच्या) गॅलरीखाली खांब देण्याआधी थांबा, इंजिनिअरला विचारा. तिथे मुख्य सळ्या वरच्या अंगाला असतात. टेकू दिला की मधला भाग खालून ताणला जातो, आणि खाली सळ्या नसतील तर चिरा पडतात.

संध्याकाळी पंप लावला. टाकी अर्धी भरल्यावर मावशीने कलथ्याने पाईपवर ठोकून बघितलं. सकाळी वरच्या टोकाशी खडखड व्हायची, आता नुसता ठक्क आवाज आला.