तुम्ही विचारलंत म्हणून : लो केलेली गाडी परत स्टॉकला आणावी का?

हा प्रश्न गेल्या वर्षभरात इतक्या जणांनी विचारलाय की एकदाच नीट लिहून टाकते. (लो म्हणजे स्प्रिंग बदलून उंची कमी केलेली गाडी, स्टॉक म्हणजे कंपनीतून आली तशी.) प्रश्न साधारण असा असतो, "ताई, तुमची पोलो सहा वर्षं लो होती, मग परत स्टॉक का केलीत? आता वाईट वाटतं का? आणि आमची पण लो आहे, आम्ही काय करू?" परवा एका मुलाने विचारलं, त्याची केस जरा वेगळी आहे. त्याने पोलोच सेकंडहँड घेतलीय, आधीच्या मालकाने लो केलेली, ओरिजिनल स्प्रिंग काही मिळालेले नाहीत. त्याच्याकडे शेवटी येते.

आधी हे सांगते की मला लो गाडी आवडते, आजही आवडते. २०१७ मध्ये गाडी ३५ एमएम खाली आणणारे लोअरिंग स्प्रिंग टाकून गॅरेजमधून बाहेर आले आणि रस्त्याच्या पलीकडे उभं राहून पाच मिनिटं नुसती बघत बसले होते. टायर आणि फेंडरमधली (चाकावरच्या पत्र्याच्या कमानीतली) ती मूठभर गॅप गेली की गाडी रस्त्याला धरून बसल्यासारखी दिसते. आणि नुसतं दिसण्याचं नाही, एक्सप्रेसवेवर लेन बदलताना गाडी जी झुलायची ती थांबली, स्टिअरिंग वळवलं की नाक लगेच वळायला लागलं. हे सगळं खरं होतं. त्यामुळे लो करणारी सगळी पोरं मूर्ख असतात वगैरे बोलणाऱ्यांशी माझं अजिबात जमत नाही.

मग बदललं काय? लोकांना वाटतं स्पीडब्रेकर. तो त्रास होताच, पण त्यामागचं गणित समजून घ्या. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमाप्रमाणे स्पीडब्रेकर १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असायला हवा. पोलोच्या पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर साधारण अडीच मीटर, म्हणजे नियमातल्या स्पीडब्रेकरवर चारही चाकं एकदम चढलेली असतात, गाडी त्याच्याबरोबर वर उचलली जाते आणि पोट सहसा लागत नाही. आता आपल्याकडे गावाच्या वेशीवर असतो तो आठवा, हातभर रुंद आणि भिंतीसारखा उभा. पुढची चाकं उतरली, मागची चढायची आहेत, आणि तो डोंगर बरोबर गाडीच्या पोटाखाली. स्टॉक क्लिअरन्स, म्हणजे जमीन ते गाडीचं पोट, १६५ एमएमच्या आसपास, त्यातले माझे ३५ गेले, राहिले १३०, त्यात चार माणसं आणि डिकी भरलेली म्हणजे अजून तीनेक सेंटिमीटर गेले. उरलं काय ते तुम्हीच बघा.

तर गणपतीला गावाला जाताना, ताम्हिणी उतरून माणगावच्या अलीकडे, सगळे बसलेले असताना गाडी अशी घासली की इंजिनखालचं प्लास्टिक कव्हर अर्धं फाटून लोंबायला लागलं. बाबा काही बोलले नाहीत, उतरून बाजूला उभे राहिले, मी रस्त्यावर आडवी पडून ते कव्हर दोरीने बांधलं. बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं आहे. ३५ एमएम म्हणजे दीड इंचसुद्धा नाही, पण लो सीटवरून उठताना ते एक हात दरवाज्याला आणि एक हात छताला लावून उठायचे आणि मी ते सहा वर्षं बघत होते. बघूनही मनात घेत नव्हते, हे मला आज जास्त लागतं.

पण तरीही मी लगेच निर्णय घेतला नाही. कव्हर नवीन मिळतं, स्पीडब्रेकरवर तिरकी घालता येते, तीन जण उतरून चालत पुढे जाऊ शकतात, हे सगळे जुगाड लो गाडीवाल्यांना पाठ असतात. निर्णय झाला तो एका झिप टायमुळे. आमच्या गॅरेजवाल्या दादांनी मागच्या शॉकअपचं (शॉक अ‍ॅब्सॉर्बर, स्प्रिंगचं उसळणं आवरतो तो) डस्ट कव्हर वर सरकवून रॉडला एक झिप टाय घट्ट बांधला आणि म्हणाले, रोजच्या रस्त्याने चार दिवस चालव, मग ये. शॉकअप दबला की त्याची खालची नळी तो टाय रॉडवरून वर ढकलते आणि टाय तिथेच अडकून राहतो, म्हणजे शॉकअप जास्तीत जास्त किती दबला ते कळतं. मी मुद्दाम काही केलं नाही, घर ते ऑफिस, सिंहगड रोड, एकटीच गाडीत. चार दिवसांनी टाय पार वर, बंप स्टॉपला जाऊन चिकटला होता. आणि बंप स्टॉप म्हणजे शॉकअप पूर्ण दबला की शेवटचा धक्का झेलणारा तो पिवळसर फोमचा तुकडा, त्याला दादांनी बोट लावलं तर रव्यासारखा भुगा पडला हातावर.

हे मला समजावं म्हणून सहा वर्षं लागली, तुम्हाला आत्ताच सांगते. गाडी खाली असणं हा मूळ प्रॉब्लेम नाहीये, सस्पेन्शनची ट्रॅव्हल, म्हणजे चाकाला वर-खाली व्हायला असलेली जागा, संपणं हा आहे. तुम्ही गाडी ३५ एमएम खाली आणता तेव्हा चाकाला वर जायला असलेल्या जागेतले ३५ एमएम तुम्ही आधीच खर्च केलेले असतात. लोअरिंग स्प्रिंग थोडा कडक असतो तो याच साठी, पण स्टॉक शॉकअप त्या कडक स्प्रिंगसाठी बनवलेला नसतो, तो सतत खालच्या टोकाला काम करतो आणि लवकर मरतो. मग खड्ड्यात गाडी स्प्रिंगवर नाही, बंप स्टॉपवर आपटते. त्यालाच आपण "स्टिफ राइड" म्हणत राहतो आणि कौतुकाने म्हणतो.

दुसरी गोष्ट, जी कोणी सांगत नाही. पुढच्या चाकाचा लोअर आर्म, म्हणजे चाक गाडीच्या सांगाड्याला जोडणारा खालचा दांडा. स्टॉक गाडीत तो साधारण आडवा किंवा बाहेरच्या टोकाला थोडा खाली झुकलेला असतो. गाडी जास्त लो केली की बाहेरचं टोक वर चढतं, आणि मॅकफर्सन स्ट्रटच्या गाडीत (पुढे स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असतात ती, पोलोसारखी) असं झालं की रोल सेंटर, म्हणजे वळणावर गाडी ज्या बिंदूभोवती झुकते तो, गाडीच्या वजनाच्या केंद्रापेक्षाही भरभर खाली जातं. म्हणजे एका मर्यादेनंतर लो गाडी वळणावर जास्तच झुकायला बघते आणि फक्त कडक स्प्रिंगने धरून ठेवलेली असते. माझ्या ३५ ला आर्म थोडासाच वर होता. ज्यांनी ६०-७० केलंय त्यांनी एकदा खाली वाकून बघाच.

बाकी टायर आतून खाल्ला जाणं, हेडलाइटची लेव्हल, लिंक रॉडचा टकटक आवाज, हे सगळ्यांना माहीत आहे. टायरबद्दल इतकंच की सगळे कॅम्बरला (चाक उभ्यात आत-बाहेर कलणं) दोष देतात, पण आतली कडा जास्त करून टो (चाकांची तोंडं आत-बाहेर वळणं) बिघडल्यामुळे जाते, आणि टो अलाइनमेंटमध्ये सेट होतो. नुसता टायर जातोय म्हणून गाडी वर करू नका.

कायद्याचं पण विचारतात. गाडीत बदल करण्याबद्दल मोटर वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, आणि जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की कंपनीने ठरवलेल्या मूळ स्पेसिफिकेशनच्या विरुद्ध जाईल असा बदल चालणार नाही. इन्शुरन्सवाल्यांना न सांगता केलेला बदल क्लेमच्या वेळी नडू शकतो. हे डोक्यात ठेवा आणि मगच ठरवा.

२०२३ मध्ये केलं शेवटी. माळ्यावरून पोतं काढलं, त्यात चार ओरिजिनल स्प्रिंग वर्तमानपत्रात गुंडाळलेले, प्रत्येकावर कंपनीचे रंगाचे ठिपके, ते ठिपके म्हणजे कुठला स्प्रिंग कुठल्या व्हेरिएंटचा त्याची ओळख, घासून काढू नका कधी. नुसते स्प्रिंग बदलून भागत नाही बरं का. शॉकअप चारही नवीन, बंप स्टॉप, पुढची माउंटिंग आणि बेअरिंग, आणि लोअर आर्मचे बुश (सांध्यातले रबर) फाटले होते ते पण. इथे एक कळकळीने सांगते, बुशचे बोल्ट गाडी जॅकवर असताना पूर्ण आवळू देऊ नका. चाकं जमिनीवर टेकवून, गाडी आपल्या वजनाने बसल्यावरच शेवटचं आवळायचं, नाहीतर रबर कायम पिळलेलं राहतं आणि वर्षभरात परत फाटतं. मी तिथे उभी राहून हे करून घेतलं. नंतर अलाइनमेंट, हेडलाइट, आणि स्प्रिंग बसल्यावर पाचेकशे किलोमीटरने परत अलाइनमेंट.

वाईट वाटलं का? हो, वाटलं. पार्किंगमध्ये ती गॅप बघितली की अजून वाटतं. ताम्हिणीत वळणावर गाडी आता झुकते, पूर्वीसारखं एका रेषेत जात नाही. पण खडबडीत वळणावर चाक रस्ता सोडत नाही, आधी मागचं चाक तिथे उडी मारायचं आणि मी ब्रेकवर असायचे. आणि बाबा आता एकाच हाताने उतरतात.

आता त्या सेकंडहँडवाल्याला. सगळ्यात आधी चाक काढून बघ की स्प्रिंग खरंच लोअरिंगचे आहेत की ओरिजिनल कापलेत. शेवटच्या वेढ्याला ग्राइंडरचा सरळ काप दिसला तर विचार करायचाच नाही, गाडी उभी कर आणि बदल, कापलेला स्प्रिंग चाक हवेत गेलं की आपल्या जागेवरून सुटू शकतो. स्प्रिंग नीट असतील, तुझं फिरणं शहरातलं असेल, एकटा-दुकटाच बसत असशील, तर घाई नको. आधी झिप टाय बांध. टाय स्टॉपपासून लांब राहिला तर चांगले शॉकअप टाकून गाडी खुशाल लो ठेव, मी तुला वर करायला सांगणार नाही. टाय चिकटला तर मधला मार्ग म्हणजे १५-२० एमएमचे स्प्रिंग आणि त्यांना जुळणारे शॉकअप, पण खर्च बघता माझं मत सरळ स्टॉकचं आहे. पोलो २०२२ ला आपल्याकडे बंद झाली, तेव्हा चाकणच्या कारखान्यात बनलेली ही गाडी अजून दहा वर्षं चालवायची असेल तर स्टॉक स्प्रिंगचा एक सेट आत्ताच शोधून ठेव, लावायचा तेव्हा लाव.

आणि उंची मोजताना जमिनीपासून मोजू नको, टायरची हवा आणि झीज मध्ये येते. चाकाच्या बरोबर मध्यापासून फेंडरच्या कडेपर्यंत टेप लाव, चारही बाजूंनी. ते चार आकडे आणि झिप टाय कुठे थांबला त्याचा फोटो पाठव, मग बोलू.