चवदार तळ्याच्या दाव्याचं निकालपत्र वर्गात उघडलं तेव्हा

कायद्याच्या विद्यार्थ्यांना रूढीचा पुरावा शिकवायचा होता, म्हणून त्या दिवशी चवदार तळ्याच्या दाव्यातलं मुंबई उच्च न्यायालयाचं निकालपत्र वाचायला घेतलं. अस्पृश्यांनी महाडच्या या तळ्याचं पाणी घेतलं ती सत्याग्रहाची तारीख, २० मार्च १९२७, वर्गात सगळ्यांना पाठ होती. त्यानंतर हाच वाद दिवाणी कोर्टात सव्वानऊ वर्षं चालला, हे मात्र बहुतेकांच्या कानावरही नव्हतं.

निकालपत्राला हात लावण्याआधी तारखा फळ्यावर मांडल्या. ४ ऑगस्ट १९२३ : सार्वजनिक पैशातून बांधलेले किंवा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात, हा सी. के. (सीताराम केशव) बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात मंजूर. जानेवारी १९२४ : महाड नगरपालिका तळं खुलं केल्याचा ठराव करते. मार्च १९२७ : महाडला अस्पृश्यांच्या परिषदेला जमलेले लोक तळ्यावर जाऊन पाणी घेतात, परतणाऱ्यांवर हल्ले होतात. ऑगस्ट १९२७ : नगरपालिका आपलाच ठराव रद्द करते. विद्यार्थी इथे हमखास अडखळतात. ठराव झाला म्हणजे हक्क मिळाला, असं त्यांना वाटतं. कायदेमंडळाचा ठराव ही शिफारस होती, तो कायदा नव्हता. नगरपालिकेचा ठराव ज्या बहुमताने होतो, त्याच बहुमताने पुसताही येतो. हक्क कुठे लिहिला आहे आणि तो कोण काढून घेऊ शकतं, हे आधी पाहायचं.

दुसऱ्या सत्याग्रहाची तारीख डिसेंबर अखेरची ठरली होती. १२ डिसेंबर १९२७ ला महाडच्या दुय्यम न्यायाधीशांपुढे दावा दाखल झाला. वादी स्पृश्य हिंदूंच्या वतीने आणि प्रतिवादी अस्पृश्यांचे प्रतिनिधी म्हणून, त्यांत डॉ. आंबेडकर. मागणी दुहेरी होती : तळं आमचं आहे, अस्पृश्यांना तिथे हक्क नाही असं जाहीर करा, आणि त्यांना कायमची मनाई करा. दोनच दिवसांत, १४ तारखेला, तात्पुरता मनाई हुकूम निघाला.

या हुकमापाशी मी मुद्दाम थांबले. तात्पुरत्या मनाईसाठी तीन गोष्टी पाहतात : प्रथमदर्शनी बाजू आहे का, हुकूम न दिल्यास कुणाची गैरसोय जास्त, आणि भरून न येणारं नुकसान होईल का. वरवर हे तराजू निःपक्ष दिसतं. पण ‘आहे ती स्थिती राखा’ म्हटलं, की पिढ्यान्‌पिढ्या पाण्यापासून दूर ठेवलेल्यांसाठी तीच स्थिती राहते. खटला उभा राहण्याआधीच एका बाजूला हवं ते मिळून जातं. हक्कांच्या चळवळींविरुद्ध अंतरिम हुकूम इतका प्रभावी ठरतो तो यामुळेच.

२५ डिसेंबरला परिषद भरली, मनुस्मृतीचं दहन झालं, तळ्यावर जाणं मात्र तहकूब केलं गेलं. एका विद्यार्थ्याने विचारलं, “मॅडम, हजारो माणसं जमली होती, मग हुकूम का पाळला?” माझ्या मते तो निर्णय विलक्षण विचारपूर्वक होता. हुकूम मोडला असता तर लढा स्पृश्यांच्या अडवणुकीविरुद्ध न राहता सरकार आणि कोर्टाविरुद्ध झाला असता, आणि जमलेल्या गरीब माणसांना तुरुंगवास सोसावा लागला असता. हुकूम पाळून मुख्य दावा लढवता येत होता. २३ फेब्रुवारी १९२८ ला तो मनाई हुकूम उठलाही.

मग मुख्य वाद. रूढी कायद्याने मान्य व्हायची तर ती प्राचीन, अखंड, निश्चित आणि वाजवी असावी लागते, आणि ते सिद्ध करण्याचा भार ती सांगणाऱ्यावर असतो. ८ जून १९३१ च्या निकालात महाडच्या न्यायाधीशांनी अस्पृश्यांना दीर्घकाळ वगळलं गेल्याचं मान्य केलं. तरीही दावा फेटाळला, कारण सार्वजनिक तळं एका वर्गाने वापरलं आणि दुसऱ्याने वापरलं नाही, एवढ्यावरून पहिल्याला कायदेशीर हक्क मिळत नाही. ठाण्याच्या सहायक न्यायाधीशांनी जानेवारी १९३३ मध्ये तो निकाल कायम केला. रूढी अनादिकाळापासूनची असल्याचंच शाबीत झालेलं नाही, असं त्यांचं म्हणणं.

१७ मार्च १९३७ ला उच्च न्यायालयात न्या. ब्रूमफील्ड आणि न्या. वाडिया यांनी वादींचं अपील फेटाळलं. हा भाग वर्गात दोनदा वाचला. साक्षीदार सांगतात ते त्यांच्या आठवणीतलं, आणि तो काळ नगरपालिका आल्यानंतरचा. त्याआधीचं काय? न्यायमूर्तींनी जागेकडे पाहिलं : चार-पाच एकरांचं उघडं तळं, चहूबाजूंनी रस्ते, पलीकडे स्पृश्यांची घरं. विहिरीवर ठेवतात तसा कडक पहारा एवढ्या तळ्यावर फार पूर्वीपासून होता, असं मानणं त्यांना पटलं नाही. साक्षीदार कितीही आणा, सगळे एकाच पिढीचे असतील तर प्राचीनता त्यांच्या तोंडून सिद्ध होत नाही. जुने दस्त लागतात. वादींची बाजू नेमकी इथे कोसळली.

पुढचं वाक्य वाचल्यावर वर्ग अस्वस्थ झाला. रूढी सिद्ध झाली असती तर ती अवाजवी किंवा लोकहिताविरुद्ध आहे का हे कदाचित पाहावं लागलं असतं. ती सिद्ध न झाल्याने तो प्रश्न उद्भवत नाही, असं कोर्ट म्हणतं. शेवटच्या बाकावरची एक मुलगी उठली : “म्हणजे वादींना जुने कागद सापडले असते, तर?” तर वाजवीपणाचा प्रश्न कोर्टाला कदाचित घ्यावा लागला असता, आणि त्याचं उत्तर १९३७ साली काय आलं असतं याची खात्री मी तिला देऊ शकत नव्हते. माणसाचा पाण्यावरचा हक्क समोरच्याच्या पुराव्यातल्या कच्चेपणावर टिकला, हे तिला बोचलं. ते मलाही बोचतं.

म्हणून लगेच संविधान उघडायला लावलं. अनुच्छेद १५ (२) मध्ये विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते यांची नावं घेऊन जातीच्या कारणावरून अडवण्याला बंदी आहे. जागा पूर्णतः किंवा अंशतः राज्याच्या पैशातून चालवलेली असावी किंवा सार्वजनिक उपयोगासाठी अर्पण केलेली असावी, एवढीच अट. बोले ठरावातली सार्वजनिक पैशाची कसोटी इथे पुन्हा दिसते, फरक इतकाच की आता ती कुठल्या नगरपालिकेला ठराव करून रद्द करता येत नाही. अनुच्छेद १३ ने ‘कायदा’ या शब्दात रूढीही घेतली, त्यामुळे मूलभूत हक्काशी विसंगत रूढी कितीही जुनी असली तरी टिकत नाही. आणि अनुच्छेद १७ ने अस्पृश्यताच नष्ट केली. त्या मुलीने १३ व्या अनुच्छेदाखाली रेघ ओढली आणि निकालपत्राच्या समासात त्याचा क्रमांक लिहिला.