शिष्ट, पांढरपेशे, उच्चभ्रू: कोणता शब्द काय मोजतो

'एलीट'ला मराठीत काय म्हणायचं असं विचारलं, की बहुतेक जण 'उच्चभ्रू' सांगतात. राज्यशास्त्र शिकलेला 'अभिजन' म्हणतो आणि बातमी लिहिणारा वेळ नाही म्हणून 'एलीट'च ठेवतो. वरच्या लोकांसाठी मराठीत शब्दांची वाण नाही. अडचण अशी की प्रत्येक शब्दाच्या हातात वेगळी मोजपट्टी आहे. एक कूळ मोजतो, दुसरा कपडे, तिसरा अभिरुची, चौथा पगार. पट्टी ओळखायची असेल तर शब्दासमोर त्याचा विरुद्ध शब्द उभा करून बघावा. अभिजनासमोर बहुजन येतो, पांढरपेशासमोर कष्टकरी, सुशिक्षितासमोर अडाणी. विरुद्ध शब्द बदलला की मुद्दाही बदललेला असतो.

'अभिजन' हा फार जुना. पाणिनीने 'निवास' आणि 'अभिजन' यांत फरक केला आहे: माणूस आज राहतो तो निवास, त्याचे पूर्वज राहत होते तो अभिजन. म्हणजे मुळात हा शब्द माणसांसाठी नव्हे, गावासाठी; संस्कृतातच पुढे त्याला कूळ, थोर वंश असा अर्थ आला. उलट 'एलीट' हा फ्रेंच शब्द 'निवडलेले' या अर्थाचा. निवडलेला माणूस कुठल्याही घरातून येऊ शकतो, अभिजन मात्र घरातच ठरतो. पाठ्यपुस्तकात 'अभिजनांचे अभिसरण' असा परेतो या इटालियन समाजशास्त्रज्ञाचा सिद्धांत येतो तेव्हा ही भेग चांगलीच दिसते. परेतोला म्हणायचं आहे की सत्तेवरचे लोक बदलत राहतात, आणि आपण त्यासाठी वापरतो तो शब्द आहे बापजाद्यांच्या गावाचा. तरीही महाराष्ट्रात तो चपखल बसला, कारण इथे शिक्षण आणि सत्ता खूप काळ जन्मावरच वाटली गेली. फक्त खेळाडू, लष्करी तुकडी किंवा परीक्षेतून निवडलेल्या मुलांसाठी तो वापरू नये. तिथे 'निवडक' पुरतं.

याचाच सख्खा भाऊ 'अभिजात'. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, तेव्हा तो घराघरांत पोचला. इथे भाषांतर योगायोगाने अचूक साधलं आहे. लॅटिनमधला 'क्लासिकस' म्हणजे रोमच्या नागरिकांच्या सर्वांत वरच्या, मालमत्तावान वर्गातला. पुढे तो पहिल्या प्रतीच्या लेखकाला लावला गेला. तिथेही साहित्याची प्रतवारी माणसांच्या प्रतवारीवरूनच उचललेली.

'उच्चभ्रू'ची गंमत वेगळीच. इंग्रजी 'हायब्राउ'चा हा शब्दशः अनुवाद, पण त्यात अवयव बदलला. इंग्रजीत 'ब्राउ' म्हणजे कपाळही आणि भुवईही. 'हायब्राउ'मध्ये कपाळ अभिप्रेत आहे: कवटीच्या आकारावरून बुद्धी ओळखता येते असं मानणाऱ्या एकोणिसाव्या शतकातल्या कपालशास्त्रात उंच कपाळ हे हुशारीचं लक्षण होतं. मराठीने भुवई घेतली. चूक म्हणावी तर फळली, कारण आपल्याकडे भुवया उंचावणं म्हणजे नापसंती दाखवणं, आणि दुसऱ्यांच्या आवडीनिवडीकडे भुवया उंचावून बघणारा माणूस डोळ्यांसमोर उभा राहतो. पण आता अर्थ पुन्हा सरकला आहे. 'उच्चभ्रू वस्ती' म्हटल्यावर तिथले लोक काय वाचतात हे कुणी विचारत नाही, दर चौरस फुटाचा भाव विचारतात. म्हणून अभिरुचीबद्दल लिहिताना 'उच्चभ्रू' टाकला तर वाचक श्रीमंती समजतो. 'अभिरुचीसंपन्न' किंवा टीका करायची असेल तर 'रसिकतेचा तोरा मिरवणारे' असं उलगडून लिहिलेलं बरं. आणि लिहिताना 'भ्रू' दीर्घ; संस्कृतातच तो दीर्घ आहे.

'पांढरपेशा'बद्दल सर्रास समज असा की तो 'व्हाइट कॉलर'वरून आला. तसं नाही. इंग्रजी शब्द विसाव्या शतकात रुळला. पांढरपेशे त्याआधीच कोकणच्या महसुली दप्तरात होते. ठाणे-कुलाब्याकडच्या सारापद्धतीत पांढरपेशे ही खातेदारांची वेगळी प्रत धरली जाई. ब्राह्मण, प्रभू वगैरे जे स्वतः नांगर धरत नसत, त्यांना मजूर लावावे लागतात या सबबीवर इतर कुळांपेक्षा सवलतीचा दर मिळे. म्हणजे पांढरे कपडे मळत नाहीत याचा सरकारदरबारी हिशेब होता, आणि तो त्यांच्या फायद्याचा होता. शब्दातला 'पेशा' फारसी, व्यवसाय या अर्थाचा. हिंदी-उर्दूतल्या 'सफेदपोश'मधला 'पोश' म्हणजे ल्यालेला, तो निराळा. आज पांढरपेशा म्हणजे नोकरदार, टेबलावर काम करणारा. श्रीमंत असेलच असं नाही. महिनाअखेरीस उसनं मागणारा कारकूनही पांढरपेशाच. त्यामुळे गडगंज उद्योगपतीला हा शब्द लावला की वाक्य लंगडतं. एक अपवाद आहे: 'पांढरपेशी गुन्हेगारी'. १९३९ मध्ये सदरलँड या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने ही कल्पना मांडली ती प्रतिष्ठितांनी आपल्या धंद्यात, हुद्द्याच्या आडून केलेल्या गुन्ह्यांसाठी, त्यामुळे तिथे उद्योगपतीही चालतो.

कारकून हा शब्दही किती खाली आला बघा. पेशवाईत कारकून म्हणजे वजनदार माणूस, हाताखाली कागद आणि कधी कधी मुलूखही. आता 'कारकुनी' हे विशेषणच तुच्छतेचं झालं. त्याच्याही खालची पायरी 'खर्डेघाशी'. खर्डा म्हणजे कच्चा मसुदा. तो दिवसभर घासत बसणारा तो खर्डेघाशा.

सगळ्यांत लांबची घसरण मात्र 'शिष्ट'ची. पतंजलीने महाभाष्य या व्याकरणग्रंथात शिष्ट कोण हे सांगताना दिलेल्या खुणांपैकी एक म्हणजे 'कुंभीधान्य': घरात मडकंभर धान्य आहे, त्याहून जास्त साठवलेलं नाही, लोभ नाही, आणि तरी विद्येत पारंगत. अशा माणसाच्या तोंडी येते ती भाषा प्रमाण. शिक्षण होतं, संपत्ती मुद्दाम नव्हती. शिष्टाचार, शिष्टमंडळ, शिष्टसंमत यांत ही इभ्रत अजून टिकून आहे. पण बोलण्यात 'ती भारी शिष्ट आहे' म्हटलं की अर्थ एकच: आखडू, आपणहून न बोलणारी. समास असेल तर आदर, एकटा असेल तर टोमणा, असा साधा नियम धरला तर फसायला होत नाही.

'बुद्धिजीवी', 'बुद्धिवादी' आणि 'विचारवंत' यांची सरमिसळ तर रोजची. बुद्धिजीवी बुद्धीवर पोट भरतो. त्याचा विरुद्ध शब्द श्रमजीवी. बुद्धिवादी बुद्धीला प्रमाण मानतो. त्याच्यासमोर शब्दप्रामाण्यवादी किंवा श्रद्धावादी. मुहूर्त काढून दवाखान्याचं उद्घाटन करणारा डॉक्टर बुद्धिजीवी आहे, बुद्धिवादी नाही. दोन्हींत 'द्धि' ऱ्हस्व, कारण सुटा 'बुद्धी' मराठीत दीर्घ लिहिला तरी तत्सम शब्द समासात पहिला आला की मूळ ऱ्हस्व परत येतो. 'विचारवंत' ही पदवी, ती स्वतःला लावून घेता येत नाही. हल्ली ती शिवीच्या वाटेवर आहे: आधी 'तथाकथित' आलं, मग 'विचारजंत'. यात नवल नाही. फ्रान्समध्ये १८९८ साली, हेरगिरीच्या खोट्या आरोपात अडकलेल्या ड्रायफस या लष्करी अधिकाऱ्याची बाजू घेणाऱ्या लेखक-प्राध्यापकांना 'इंटेलेक्च्युअल' म्हटलं गेलं, तेही विरोधकांनी हिणवून.

समोरच्या बाजूचा 'बहुजन' हा पाली वचनातला, 'बहुजनहिताय बहुजनसुखाय'. जोतीराव फुल्यांच्या लेखनात प्रतिपक्ष 'शेटजी-भटजी' होता आणि आपली माणसं 'शूद्रादि-अतिशूद्र'. १८८२ मध्ये शिक्षणाची पाहणी करणाऱ्या हंटर आयोगापुढे त्यांनी तक्रार केली ती हीच, की सारा भरतो शेतकरी आणि शिक्षणाचा खर्च होतो वरच्यांवर. वरून ज्ञान खाली झिरपेल ही सरकारी आशा फोल आहे. त्या भांडणाला विसाव्या शतकात अभिजन-बहुजन हे नाव मिळालं. बहुजन म्हणजे नुसते 'पुष्कळ लोक' नव्हेत. 'बहुसंख्य' लिहायचं तिथे 'बहुजन' लिहिलं की जातीचा मुद्दा आपसूक आत येतो.

'वर्ग' या शब्दातच हा घोळ आहे. वर्ग म्हणजे शाळेतली खोली, क-च-ट-त-प यांचे गट, गणितातला वर्ग आणि समाजातला थरही. 'मागासवर्ग' म्हणताना आपण बहुतेकदा जातींबद्दल बोलत असतो, 'मध्यमवर्ग' म्हणताना उत्पन्नाबद्दल. 'कनिष्ठ मध्यमवर्ग' हा मुरलेला मराठी प्रयोग. 'निम्न' हिंदीच्या वळणाचा, तोही आता रुळलाय. आणि सरकारी नोकरीत अ, ब, क, ड असे गट पडून जमाना झाला तरी स्पर्धा परीक्षेची मुलं 'क्लास वन'च म्हणतात. 'पोरगा क्लास वन झाला' या वाक्यात पगार, गाडी आणि लग्नाच्या बाजारातला भाव सगळं आलं.

वरच्या थरासाठी आकडा ठरवून दिलेला ठळक शब्द म्हणजे 'क्रिमी लेयर': मागासवर्गीयांतला, पण आरक्षणातून वगळलेला सुस्थितीतला थर. सरकारी मराठीत 'उन्नत व प्रगत गट', जो प्रमाणपत्राबाहेर कुणी उच्चारत नाही. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणावरच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९९२ च्या इंद्रा साहनी निकालानंतर १९९३ मध्ये केंद्राने उत्पन्नाची मर्यादा वर्षाला १ लाख रुपये ठेवली, ती वाढत २०१७ मध्ये ८ लाखांवर आली. लोकांची गफलत होते ती मोजणीत. केंद्राच्या नियमांत या उत्पन्नात आईवडिलांचा पगार आणि शेतीचं उत्पन्न धरत नाहीत. नोकरीचं पारडं हुद्द्यावर तोललं जातं, त्यामुळे थेट भरतीने क्लास वन झालेल्याची मुलं उत्पन्न न बघताच क्रिमी लेयरमध्ये जातात. आणि उरलेले म्हणतात, 'नॉन-क्रिमिलेअर काढायचंय.' आपण वरच्या थरात नाही हे सिद्ध करायला तहसील कचेरीच्या रांगेत उभं राहावं लागतं.