जर्मनी आणि जपान : हिंदी महासागरावर ओढलेली रेषा

जर्मनी आणि जपान यांच्या युद्धकालीन मैत्रीबद्दल वाचताना मला सर्वांत बोलका वाटतो तो १८ जानेवारी १९४२ रोजी बर्लिनमध्ये झालेला लष्करी करार. जर्मनी, इटली आणि जपान यांच्या प्रतिनिधींनी त्या दिवशी ७० अंश पूर्व रेखांश ही हद्द मानून युद्धक्षेत्रांची वाटणी केली. पश्चिमेकडचा भाग जर्मनी व इटली यांचा आणि पूर्वेकडचा जपानचा. ही रेषा काठेवाडातून जाते, म्हणजे मुंबई, कोकण, गोवा आणि जवळपास सारा भारत जपानच्या वाट्याला आला होता. गरज पडल्यास हिंदी महासागरात ही रेषा ओलांडण्याची मुभा ठेवलेली होती, परंतु जर्मनी आणि जपान यांच्या सैन्यांनी खांद्याला खांदा लावून एखादी मोठी मोहीम लढल्याचे उदाहरण पुढे युद्ध संपेपर्यंत सापडत नाही.

याचे कारण म्हणून बहुधा दोन देशांमधील प्रचंड अंतर सांगितले जाते. मला ते अपुरे वाटते. अंतराइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, परिणाम परस्परांपासून महत्त्वाचे निर्णय लपवण्याच्या सवयीचा झाला.

जुना इतिहासही फारसा स्नेहाचा नव्हता. मेजी काळातील (सम्राट मेजींच्या कारकिर्दीतील, १८६८ ते १९१२) जपानने राज्यघटना रचताना आणि लष्कराची घडी बसवताना प्रशियाचा आदर्श समोर ठेवला हे खरे; पण चीनवरील विजयानंतर मिळालेला लिआओतुंग द्वीपकल्प १८९५ मध्ये जपानला सोडावा लागला, तो रशिया, फ्रान्स आणि जर्मनी यांच्या दडपणामुळे. पहिल्या महायुद्धात जपान जर्मनीच्या विरोधात उतरला आणि नोव्हेंबर १९१४ मध्ये त्याने चीनमधील जर्मनांचे त्सिंगताव बंदर जिंकून घेतले.

२५ नोव्हेंबर १९३६ रोजी झालेल्या कॉमिन्टर्नविरोधी (म्हणजे मॉस्कोतून चालणाऱ्या आंतरराष्ट्रीय कम्युनिस्ट संघटनेविरोधी) कराराने हे दोन देश पुन्हा जवळ आले. या कराराचा रोख उघडच सोव्हिएत संघाकडे होता. असे असताना ऑगस्ट १९३९ मध्ये, मंगोलियाच्या सीमेवर जपानी सैन्य सोव्हिएत फौजांशी झुंजत असताना, जर्मनीने मॉस्कोत त्याच सोव्हिएत संघाशी अनाक्रमणाचा करार केला. या धक्क्याने टोकियोतील हिरानुमा मंत्रिमंडळाने काही दिवसांतच राजीनामा दिला. तरीही सप्टेंबर १९४० मध्ये जपान जर्मनी व इटलीबरोबरच्या त्रिपक्षीय करारात सामील झाला, कारण फ्रान्स आणि हॉलंड पडल्यानंतर आग्नेय आशियातील त्यांच्या वसाहती त्याला खुणावत होत्या.

पुढचे प्रकरण मला अधिक गंभीर वाटते. मार्च १९४१ मध्ये जपानचे परराष्ट्रमंत्री योसुके मात्सुओका बर्लिनला आले, तेव्हा रशियावरील स्वारीची तयारी जोरात चालू होती. परंतु जपानी लोकांना या योजनेचा सुगावा लागू देऊ नये, असा हिटलरचा लेखी आदेश होता. परतीच्या वाटेवर मात्सुओका यांनी १३ एप्रिलला मॉस्कोत सोव्हिएत संघाशी तटस्थतेच्या करारावर सही केली आणि २२ जूनला जर्मन फौजा रशियात घुसल्या. त्या तटस्थतेची किंमत जर्मनीला अखेरपर्यंत मोजावी लागली. अमेरिकेने रशियाला पाठवलेल्या मदतीपैकी सुमारे निम्मा माल सोव्हिएत निशाण लावलेल्या जहाजांतून, जपानच्या अगदी जवळून, व्लादिवोस्तोकला पोहोचत राहिला. जपाननेही पर्ल हार्बरवरील हल्ल्याचा दिवस आणि ठिकाण जर्मनीला आधी कळवले नव्हते.

रशियावरील स्वारीचा आणखी एक परिणाम असा, की तोवर आशियातील रबर ज्या सैबेरियन रेल्वेने जर्मनीला येत असे, तो मार्ग जर्मनीने स्वतःच्याच हाताने तोडला. अंतराचे कारण सांगताना ही गोष्ट विसरता कामा नये. त्यानंतर समुद्र तेवढा उरला. मालवाहू जहाजांना नाकेबंदी चुकवणे कठीण होऊ लागले, तशी पाणबुड्यांवर भिस्त वाढली. जपानहून युरोपकडे निघालेल्या पाच मोठ्या पाणबुड्यांपैकी ‘आय-८’ ही एकटीच जाऊन सुखरूप मायदेशी परतली.

नेताजी सुभाषचंद्र बोस यांचा प्रवास याच धोक्याच्या मार्गावरचा आहे. फेब्रुवारी १९४३ मध्ये ते आपले सहकारी आबिद हसन यांच्यासह ‘यू-१८०’ या जर्मन पाणबुडीतून कील बंदरातून निघाले आणि एप्रिलच्या अखेरीस मादागास्करनजीकच्या समुद्रात रबरी तराफ्यावरून ‘आय-२९’ या जपानी पाणबुडीवर गेले. आपल्याकडे हा प्रसंग येथवरच सांगितला जातो. त्याच भेटीत सुमारे दोन टन सोने आणि दोन जपानी नौदल अधिकारी उलट दिशेने, जर्मन पाणबुडीवर, गेले होते. त्यांतील हिदेओ तोमोनागा हे पाणबुड्यांच्या बांधणीतील तज्ज्ञ होते आणि जर्मन तंत्रज्ञान शिकून येणे हे त्यांचे काम होते. एवढ्या मोलाच्या माणसाला परत आणण्यासाठी दोन वर्षे लागावीत, यातच त्या सहकार्याची मर्यादा दिसते.

तोमोनागा एप्रिल १९४५ मध्ये ‘यू-२३४’ वरून नॉर्वेहून जपानकडे निघाले. सोबत विमानतज्ज्ञ गेंझो शोजी होते आणि पाणबुडीत ५६० किलो युरेनियम ऑक्साइडसह जेट विमानाचे सुटे भाग, आराखडे असा माल भरलेला होता. वाटेत जर्मनीच्या शरणागतीचा संदेश आला आणि कप्तानाने अमेरिकनांच्या स्वाधीन होण्याचे ठरवले. कैद टाळण्यासाठी दोघा जपानी अधिकाऱ्यांनी झोपेच्या औषधाची मोठी मात्रा घेऊन प्राण सोडले आणि जर्मन खलाशांनी त्यांना समुद्रात अखेरचा निरोप दिला. नेताजींना घेऊन जाणारी ‘आय-२९’ त्याआधीच, जुलै १९४४ मध्ये, फिलिपिन्सजवळ अमेरिकन पाणबुडीने बुडवली होती. मे १९४५ मध्ये आग्नेय आशियातील बंदरांत उरलेल्या जर्मन पाणबुड्या जपानने ताब्यात घेतल्या आणि सिंगापूरमधील ‘यू-१८१’ ‘आय-५०१’ या नव्या क्रमांकाने जपानी नौदलात दाखल झाली.